वीस साक्षीदार

कडुबा, त्यांचे पुत्र अप्पाराव, अप्पारावांचे बद्रीनाथ आणि बद्रीनाथची कन्या रूपा. यांतील अप्पाराव हे माझे यजमान. मेंढरांच्या मोजणीत त्यांनी कोणाच्या तोंडी आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही. मेंढवाड्याच्या दाराशी बसून ते प्रत्येक मेंढरू हाताखालून सोडत.

रूपा एम.एस्सी.ला आहे. एक आणि स्वतः सोडून कशानेच निःशेष भागली जात नाही ती मूळ संख्या. अशा संख्या भागून न पाहता, दोन, तीन अशा लहान आकड्यांची 'साक्ष' काढून ओळखण्याची एक रीत तिने संगणकावर बसवली होती. दुसऱ्या दिवशी ती सरांपुढे मांडायची होती. रीत चुकीची निघाली तर वर्षाची मेहनत वाया. नेमक्या आदल्या दुपारी तिच्या वर्गातल्या सुकेशनीने मोबाइलवर एक संख्या धाडली : ५,६०,५२,३६१. 'ही तपास.'

"त्रिंबकची नात ना ती? तिला आजच बरी आठवण झाली!" मी म्हटले.

त्रिंबक आमच्या चितेगावच्या मेंढवाड्याचा राखणदार. तीस वर्षांपूर्वी एक मेंढी नाहीशी झाली. पाच जणांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली आणि मी त्याला पारावर, गावासमक्ष चोर म्हटले.

"आजी, तुला सगळ्यांचाच संशय! संख्या मूळच आहे. दोनाची साक्ष काढली, तिनाची काढली, असे वीस साक्षीदार झाले. सगळे एकच सांगतात."

"अगदी एकच?"

"व्हय."

"मग पढवून आणलेत."

"अगं, आकडे आहेत ते! चितेगावचे ते पाच जण नाहीत."

"साक्षी पुरे. भागायला बस. एकेक हाताखालून सोड."

ती फणकाऱ्याने बसली. शेहेचाळीस मूळ संख्यांनी भागून झाले. दर वेळी बाकी उरली. सत्तेचाळिसावी दोनशे अकरा. रूपाची पेन्सिल थांबली.

"बाकी शून्य."

तिने तत्काळ सुकेशनीला फोन लावला. "मला बुडवायला निघाली होतीस?"

"येडी का तू? काही संख्या असल्याच लबाड असतात, साऱ्या साक्षींतून सुटतात. उद्या सरांनी धरण्यापेक्षा आज तूच धरलेली बरी."

रूपाने रीतीतला दोष स्वतःच सरांना सांगितला, त्यांनी दुरुस्तीला मुदत दिली आणि तिचे काम वाचले.

माझे मात्र राहिले होते. त्या वेळी पाचही जण शब्दाला शब्द एकच बोलले होते, आणि एकाच्याही मेंढवाड्यातली मेंढरे मी हाताखालून सोडली नव्हती. आठ महिन्यांनी त्यांच्यातल्याच एकाच्या कळपात आमची कानखूण असलेली ती मेंढी मी पाहिली. पाहिली आणि गप्प बसले.

रविवारी मी त्रिंबकरावांना उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरून रिक्षात घेतले आणि चितेगावच्या त्याच पारापुढे उभी राहिले. माणसे जमली.

"त्रिंबकराव चोर नव्हते. हे मला ठाऊक होते."

म्हातारा काठीवर रेलून ऐकत होता. "बाई, तव्हा तुम्ही तीनदा चोर म्हणल्या व्हत्या."

मी पदर सावरला आणि उरलेल्या दोन वेळाही म्हणाले.