ओल खाली, गळती वर

फवारा तीन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि सगळ्या गल्लीची छाती धडधडायला लागली.

लागणारच. फवारा म्हणजे आमचा प्लंबर. पन्नाशी ओलांडलेला, आणि जीभ म्हणजे वॉशर गेलेला नळ. कितीही घट्ट पिळा, टपकायची थांबत नाही. हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. एक घरमालक नळाच्या तोंडाला डोळा लावून "कुठंय पाणी? कुठंय?" म्हणून ओरडत होता, तेव्हा यानं नेमका त्याच घटकेला गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी आलं. पाठोपाठ नावही आलं. असा माणूस गाल फुगवून, एक अक्षर न बोलता समोर येऊन उभा राहिला तर शहाण्यानं काय करावं? चार पावलं मागं सरकावं. सगळे सरकत होते.

खरी गोष्ट अशी की त्याच्या गालात थंड पाणी होतं, आणि ते कुणावरही उडवायचं नव्हतं. डावीकडची खालची दाढ ठणकत होती. पाणी थंड असेपर्यंत दाढ गप्प बसायची. कोमट झालं की आत कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन कामाला लागायचं. म्हणून हत्यारांच्या पिशवीत बर्फाच्या पाण्याची बाटली, दर दोन मिनिटांनी एक घोट, आणि तोंडाला कुलूप. जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, आता एकदाच खरं दुखत होतं तर कुणाचा विश्वास बसेना.

मेहुण्याचा तर मुळीच नाही. बायकोच्या या धाकट्या भावाचं पाईप-फिटिंगचं दुकान होतं. दाजींनी त्याला आजवर इतक्यांदा भिजवलं होतं, की दाजी दारात दिसले की तो काउंटरखालची काळी छत्री काढून उघडायचा. दुकानाच्या आत. गिऱ्हाइकांसमोर.

"दाजी, आधी गिळा," छत्रीमागून आवाज आला.

फवाऱ्यानं मान हलवली. नाही म्हणजे नाही.

"मग बाहेर जाऊन थुंका. हा शर्ट नवीन आहे."

सामान तर हवं होतं. फवाऱ्यानं डोळे मिटले, पाणी गिळलं आणि म्हणाला, "अरे बाबा, माझी दाढ..."

पुढचं राहिलंच. दाढेतून कळ निघाली, कानात शिरली, कानशिलावर चढली आणि तिथं नाचायला लागली. फवारा मटकन सिमेंटच्या पोत्यावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

छत्री खाली आली. मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. "वा! डोळ्यांत पाणीसुद्धा! दाजी, ह्या खेपेला मेहनत घेतलीत."

"खरंच दुखतंय रे, गाढवा!"

"गेल्या वर्षी पाय मोडला होता तोही खरंच. प्लास्टर तुम्ही स्वतःच केलं होतं. भिंतीचं."

केलं होतंच. "उद्या काढूनच टाकतो ही दाढ," फवारा गाल दाबत म्हणाला. "मग तरी पटेल ना?"

"काढा की! उजवीकडच्या दोन आधीच काढल्यात. डावीकडची गेली की गिरणी बंद. मग मी समोर बसून भाजलेल्या शेंगा खाणार, आणि तुम्ही पाव भिजवून चोखा."

हे मात्र वर्मी बसलं. तरुणपणी उजव्या दाढा दुखल्या तेव्हा फवाऱ्यानं दोन्ही एका दमात काढवल्या होत्या. दुखतंय? काढा. विषय संपला. तेव्हापासून सगळं चावणं डावीकडे, आणि भाजलेल्या शेंगांवर तर त्याचा जीव.

"महिन्याच्या आत अर्धा किलो शेंगा डाव्या बाजूनं खाऊन दाखवतो!"

"दाखवलंत तर हे दुकान मी गिऱ्हाइकांदेखत झाडतो. नाही दाखवलंत तर तुम्ही झाडायचं. वर छत्री मी धरतो."

लागली पैज. पण पैज काही दाढेला कळत नाही.

त्याच दुपारी फवारा एका स्वयंपाकघरात सिंकखाली उताणा पडून पाईप जोडत होता. उभा असताना दाढ ठणकत होती. आडवा झाला तशी ती ठोकायलाच लागली, नाडीच्या तालावर, ठण् ठण् ठण्. घरच्या बाईंना दया आली. त्यांनी चहा आणला. वाफाळता. फुकटचा चहा नाकारायचा नाही, हा फवाऱ्याचा एकमेव धर्म. त्यानं घोट घेतला, आणि त्या बाई नंतर शेजारणीला सांगत होत्या की माणूस सिंकखालून असा निघाला, जसा बाटलीतून बूच.

घरी बायकोनं बाटली, गाल आणि लाल डोळे, तिन्ही नीट पाहिले. तीस वर्षांचा संसार. नवऱ्याचं नाटक कुठं संपतं हे या एकाच बाईला ठाऊक होतं.

"कधीपासून?"

"दोन-अडीच महिने. आधी नुसतं थंड लागलं की चमकायची आणि लगेच थांबायची. मग चमकली की पाच पाच मिनिटं थांबेना. आता गरम लागलं की तासभर."

"लोकांना तुम्ही काय सांगता? टपकतोय तेव्हाच वॉशर बदला, नाहीतर भिंत फुटेल. मग स्वतःचा नळ अडीच महिने टपकू दिलात होय?"

"उद्या काढूनच टाकतो ना."

"काढा, काढा. घरात एकच जातं उरलंय, तेही फोडून टाका. मी काही जन्मभर पातळ रांधणार नाही, आधीच सांगते."

सकाळी फवारा दवाखान्यात पोचला तो ठरवूनच. डॉक्टरबाई तिशीच्या, त्याच्या ओळखीच्या. दोन महिन्यांपूर्वी या दवाखान्याच्या भिंतीला, खुर्चीच्या बरोबर समोर, तळाशी ओल आली होती. पाणी थेंब थेंब झिरपत होतं आणि गवंडी टिकाव उगारून उभा होता. फवाऱ्यानं त्याचा हात वरच्या वर धरला. मग वरच्या मजल्यावरचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले. तिसरा बंद केला आणि खालचा थेंब थांबला. भिंत वाचली. तेव्हापासून बाई त्याला काका म्हणत आणि त्याच्या विनोदांना हसत. म्हणजे बाई चांगल्याच होत्या.

"ही," फवाऱ्यानं खुर्चीत बसल्या बसल्या खालच्या दाढेवर बोट ठेवलं. "उपटा."

"बघू तरी द्या."

"बघायचं काय? दुखतंय मला, तुम्हाला नाही."

बाईंनी बारीक दांडीनं दाढेवर ठोकून पाहिलं. काही नाही. थंडगार बोळा लावला. जरा झिणझिणी आली आणि लगेच गेली, बाकीच्या दातांसारखीच. फोटो काढला. दाढ ठणठणीत, मुळं मजबूत.

"काका, या दाढेला काहीही झालेलं नाही."

"मग दुखतंय कोण? माझी सासू?"

"तेच शोधायचंय. पण मी चांगली दाढ काढणार नाही."

"डॉक्टरबाई, हात जोडतो. जिथं दुखतंय तिथं दुखतंय! माझं तोंड आहे, मला पत्ता माहीत नसेल?"

बाईंनी बटण दाबलं. खुर्ची मागं कलली, डोकं खाली गेलं आणि ठण् ठण् सुरू झालं. फवाऱ्यानं दात-ओठ खाऊन (डावीकडचे सोडून) मान वळवली. समोर ती भिंत होती. तळाशी रंगाचं एक ठिगळ, बाकीच्या भिंतीपेक्षा एक छटा उजळ. त्यानंच लावलेलं. ठिगळाकडे बघता बघता त्याला त्या दिवशीचा आपलाच आवाज ऐकू आला, गवंड्याला तार स्वरात झापणारा: अरे अकलेच्या कांद्या, ओल दिसते तिथं गळती नसते! पाण्याला पाय असतात!

फवारा ताडकन उठून बसला. डोक्यावरचा दिवा कपाळावर आदळला. त्याचं भान कुणाला?

"बाई! गळती वर आहे!"

"काय म्हणालात?"

"वरच्या मजल्यावर! खाली नुसती ओल दिसतेय. वरचा व्हॉल्व्ह बंद करा, खालचा थेंब थांबतो का बघू!"

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांचा मास्क हलला. "हेच सांगणार होते. पण माझ्या तोंडून पटलं नसतं. वरच्या एका दाढेत जुनं सिमेंट भरलेलं आहे, मला शंका तिचीच होती."

वरच्या दाढेवर दांडी टेकली मात्र, फवाऱ्यानं जो सूर लावला तो बाहेर बसलेल्या दोन पेशंटांनी ऐकला. त्यातला एक उठून घरी गेला. फोटोत जुन्या सिमेंटखाली काळी सावली दिसत होती, थेट नसेपर्यंत पोचलेली. बाईंनी वरच्या हिरडीत सुई दिली. फक्त वर. खाली काही नाही.

फवारा घड्याळाकडे बघत बसला. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला ठोके लांब गेले. चौथ्याला खालची दाढ, ती तीन दिवस बोंबलणारी, पाव भिजवायला लावणारी खालची दाढ, गप्प झाली.

"थांबला!" फवारा ओरडला. अर्धा ओठ बधिर, त्यामुळे "थांबवा" असं ऐकू आलं आणि बाई दचकल्या. "नाही नाही! थेंब थांबला! सापडला चोर!"

"वरच्या आणि खालच्या दातांच्या तारा पुढं एकाच जाड दोरात जातात," बाई सुया मांडता मांडता सांगू लागल्या. "मेंदूला नुसती बोंब ऐकू येते, मजला कळत नाही. मात्र डावीकडचं दुखणं उजवीकडे जात नाही."

"म्हणजे थापा मारतं, पण गल्ली सोडत नाही. आमच्यातलंच दिसतंय. पण एवढं ठोकत का होतं?"

"दाताच्या आत बारीकशी पोकळी असते. तिच्यात नस आणि रक्त. कीड तिथवर गेली की नस सुजते. बोट सुजलं तर फुगायला जागा असते. इथं चारी बाजूंनी दगडासारखी भिंत. दाब वाढतच जातो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, दाब आणखी वाढतो."

फवाऱ्याचे डोळे चमकले. "गरम लागलं की तर बघायलाच नको! अहो, हा तर गिझर! पाणी तापतंय, टाकी बंद, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच नाही. देवानं एवढं शरीर बांधलं आणि नेमकं इथं फिटिंग विसरला!"

"मग आता आपण उघडू. सुजलेली नस काढायची, नळ्या साफ करायच्या, भरून बंद करायच्या. दाढ जागेवर राहील. सुरुवातीलाच आला असतात, नुसतं चमकत होतं तेव्हा, तर सिमेंट बदलून भागलं असतं. नसही वाचली असती."

"हे माझ्या बायकोला सांगू नका. तिनं कालच सांगितलंय."

ड्रिल चाललं. तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, त्यामुळे फवारा पुन्हा मुका. "तीन मुळं, तीन नळ्या," बाई पुटपुटल्या. "सापडल्या तिन्ही."

फवाऱ्यानं हात वर केला. चार बोटं.

"तीन, काका."

चार बोटं. हलवून हलवून.

बाईंनी सुस्कारा सोडला, भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुन्हा वाकल्या. कोपरा न् कोपरा सुईनं चाचपला. मग म्हणाल्या, "अगं बाई. चौथी आहे की! कधी कधी असते, पण तुम्हाला कसं कळलं?"

पडदा निघाल्यावर उत्तर आलं. "तीस वर्षं पाईप शोधतोय, डॉक्टरबाई. एक लाईन भिंतीत लपवून ठेवली नाही असा मिस्त्री मला अजून भेटायचाय."

संध्याकाळी फवारा घरी उताणा झोपला, आणि असा घोरला की बायको दोनदा उठून बघून गेली. एवढं बेसूर घोरणं तिला आयुष्यात कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

नंतर दोनदा जाऊन आला. नळ्या भरल्या, दाढेवर कॅप बसली, आणि बाईंनी सांगितलं, "आता खा काय खायचं ते. पण ही झाली म्हणून बाकीच्यांना विसरू नका."

पैजेचा महिना संपायला चार दिवस होते. मेहुणा दुपारी जेवायला घरी गेला, आणि दुकान सांभाळायला त्याची बहीण बसली. म्हणजे फवाऱ्याची बायको. तेवढ्यात फवारा आला. काउंटरवर अर्धा किलो शेंगांची पिशवी ठेवली आणि कामाला लागला. कुडुम. कुडुम. सगळ्या डावीकडे. दोन गिऱ्हाइकं पाईप घ्यायला आली होती, ती पाईप विसरून साक्षीला बसली. शेवटची शेंग खाल्ल्यावर त्यानं टरफलं गोळा केली, काउंटरखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय करताय?" बायकोनं विचारलं.

"आवरतोय."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला.

मेहुणा परतला आणि काउंटरमागं गेला. फवारा दारात उभा. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, तोंडाला कुलूप.

"दाजी, खबरदार!" मेहुण्यानं सवयीनं हात खाली घातला, छत्री काढली आणि खाडकन डोक्यावर उघडली.

अर्ध्या किलोची टरफलं. सगळी. डोक्यावर, खांद्यावर, कॉलरच्या आत, नव्या शर्टाच्या खिशात. एक तर कानावर अडकून राहिलं, फुलासारखं.

फवाऱ्यानं फुगवलेले गाल फुस्सकन सोडले. आत नुसती हवा होती. मग त्यानं कोपऱ्यातली केरसुणी उचलली, दोन्ही हातांनी अदबीनं मेहुण्यासमोर धरली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाला:

"शेंगा मी खाल्ल्यात, मेहुणे. टरफलं तुम्ही उचला."