शकुबाईच्या दाढेचं तिसरं मूळ

आर्णीच्या बसस्टँडसमोर शकुबाईची खानावळ होती. भाजी जिभेवर नुसती ठेवून तिचं भागत नसे. दाढेखाली चावल्याशिवाय ती कुठलंच पातेलं खाली उतरवत नसे. आणि चावायची ती डावीकडूनच. नेमकी तीच खालची दाढ ठणकायला लागली, तेव्हा ती रस्ता ओलांडून अलफियाच्या दवाखान्यात आली.

अलफियाला दवाखाना टाकून जेमतेम आठ महिने झाले होते. तिनं दाढेचा एक्स-रे फोटो काढला. खालच्या दाढेला बहुधा असतात तशी दोन मुळं दिसली, एक पुढं, एक मागं. पुढच्यात दोन आणि मागच्यात एक, अशा तिन्ही नळ्या तिनं मन लावून साफ केल्या, भरल्या, आणि पंधरा दिवसांत दुखणं विसराल असं सांगून ती मोकळी झाली.

तीन आठवड्यांनी शकुबाई गाल धरून हजर. उजवीकडून चावलं की अंदाज चुकतो, दोनदा वरण खारट झालं, एका कंडक्टरनं तर ताटच सरकवलं, हे सगळं तिनं खुर्चीत बसायच्या आत सांगून टाकलं.

"उपटून टाक पोरी," ती म्हणाली. "एका दाढेपायी खानावळ बंद करू काय?"

अलफियाला मोह झाला. दाढ उपटणं दहा मिनिटांचं काम, आणि दाढेबरोबर आपलं फसलेलं कामही कचऱ्यात गेलं असतं. तिनं चिमटा हातात घेतलासुद्धा. पण कुठं फसलं हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. चिमटा खाली ठेवून तिनं पुन्हा फोटो काढला, या वेळी यंत्राचं तोंड जरा तिरपं धरून.

मागच्या एका मुळाची दोन मुळं झाली. त्याच्या आड, जिभेच्या बाजूला, एक बारीकसं वाकडं मूळ दडून बसलं होतं. त्यातली नळी तशीच राहून गेली होती.

काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिनं संगणकाचा पडदा शकुबाईकडे वळवला.

"मावशी, तुमच्या या दाढेला तीन मुळं आहेत. असं एखाद्यालाच असतं. मी आधीच तिरपा फोटो घ्यायला हवा होता. माझंच चुकलं."

शकुबाई डोळे बारीक करून बघत राहिली. आता ही चिडणार, असं अलफियानं गृहीतच धरलं.

"म्हंजे मले बाकीच्याईपेक्षा एक जास्त हाय?"

"हो."

"मंग उपटतं कायले? कर साफ."

अलफियानं दाढ मागच्या कोपऱ्यात आणखी थोडी उघडली. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र सापडलं. वाट वाकडी, घाई केली तर सुई आत मोडायची. केसासारखी बारीक सुई पुढंमागं करता करता पाऊण तास गेला आणि तिची मान आखडली. दुसऱ्या खेपेला नळी भरून झाली. आठवड्यात ठणका थांबला.

महिन्यानं अलफिया खानावळीत जेवायला गेली, तर शकुबाई वाढता वाढता गिऱ्हाइकांना आपल्या तिसऱ्या मुळाची कथा सांगत होती. डॉक्टरणीची चूक तिनं त्यातून साफ गाळली होती. अलफियानं ती आपणहून सांगितली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. समोरच्या माणसानं मान हलवली आणि ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली.