दोन कागदांतला बाप

मी एक पेटी आहे. पत्र्याची, पाठीवर गंज धरलेली, तोंडावर दुधी काच असलेली. पोटात दोन ट्यूबलाइट आहेत. त्यातली एक लागायच्या आधी थोडा वेळ पापणी मिचकावत राहते. डॉक्टर एक्स-रे बघायला ज्या उजेडाच्या पेटीवर फिल्म लावतात, ती मी. तुम्हीही कधीतरी माझ्यासमोर उभे राहिला असाल, पण मी तुमच्या लक्षात नसणार. माझ्यासमोर उभा राहिलेला माणूस फिल्मकडे बघत नाही. तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतो.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. एका शेडमध्ये पत्रा कापून, वाकवून मला केलं आणि तिथून रिक्षात घालून राजारामपुरीत नेलं. छातीचे डॉक्टर विजयसिंह यांच्या दवाखान्यात मला भिंतीला टांगलं. त्या भिंतीवर माझी बरीच वर्षं गेली. किती छात्या माझ्या उजेडात उघड्या झाल्या! चांगलं फुफ्फुस काळंभोर दिसतं, आणि जिथं काहीतरी बिघडलंय तिथं पांढुरकं धुकं धरतं, एवढं मला ऐकून ऐकून कळायला लागलं. खोकलेही ओळखू यायला लागले. काही खोकले येतात आणि जातात. काही खोकले माणसाच्या आत घर करतात.

मग डॉक्टरांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. फिल्म लावणं बंद झालं. मला भिंतीवरून काढून जिन्याखाली, फरशी पुसायच्या बादल्यांशेजारी ठेवलं. दवाखाना झाडणाऱ्या चिमणाबाईंनी माझ्या काचेवर एक जुना टॉवेल टाकला. त्या टॉवेलखाली मी अंधारात पडून राहिले.

एके दिवशी तो टॉवेल कुणीतरी उचलला. समोर एक मुलगी होती. चिमणाबाईंची भाची, हुपरीची अनुजा. अकरावी झालेली. राजारामपुरीत चित्रकलेच्या क्लासला यायची आणि परतीच्या एस.टी.ची वेळ होईपर्यंत आत्यापाशी थांबायची.

"आत्ती, ही पेटी लागती काय गं अजून?"

"लागती की. पन आता कोन बघतंय तिच्याकडं? डाक्टर कॉम्प्युटरवर बघत्यात."

"मग मला दे की. काचेखालनं उजेड पायजे मला. एका कागदावर दुसरा कागद ठेवून चित्रं काढायची असत्यात. खालचं दिसलं तरच वरचं काढता येतंय."

चिमणाबाईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी मोबाइलवरून मान वर न करता "घेऊन जा" म्हटलं. मी हुपरीच्या एस.टी.त अनुजाच्या मांडीवर बसून निघाले. घरी पोचल्यावर तिनं मला टेबलावर आडवं ठेवलं. आयुष्यभर भिंतीला टांगलेली मी पहिल्यांदाच पाठ टेकून पडले. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अनुजाचं घर लहान. पुढच्या खोलीत चांदीच्या पैंजणांचा कारखाना, मागं राहायची जागा. दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती आणि माझं टेबल त्या खिडकीला लागून. तिथून मला अनुजाचे वडील गुंडू दिसायचे. सकाळपासून ते एका बुटक्या पाटावर बसलेले असायचे. समोर गॅसची ज्योत. चिमट्यात चांदीची बारीक कडी धरून ती ज्योतीवर जोडायची, मग ॲसिडच्या भांड्यात बुडवायची. जोडताना पिवळसर धूर उठायचा. तो त्यांच्या तोंडावरून वर जायचा आणि छताला लागून तिथंच रेंगाळायचा. आई, म्हणजे क्रांती, चूल सांभाळून घुंगरं ओवायची.

अनुजाला डिजिटल ॲनिमेशनची डिग्री करायची होती. घरात याबद्दल पहिल्यांदा बोलणं झालं ते माझ्यासमोरच. गुंडू जेवण करून खिडकीशी आले होते.

"चार वर्सं नुसती कार्टूनच काढायची व्हय गं?"

"कार्टून न्हाई हो पप्पा. पयल्या वर्षी हातानं चित्रं. माणूस कसा चालतो, वजन कसं उचलतो, बसताना कंबर कशी वाकती, ते शिकायचं. मग कॉम्प्युटर. शेवटच्या वर्षी आपापली एक फिल्म करायची."

"आन् डिग्री युनिव्हर्सिटीची हाय, का नुसता कोर्स?"

"युनिव्हर्सिटीची. क्लासच्या मोहित सरांनी नीट चौकशी केलीया. पुण्यातलं कॉलेज हाय. आदी लेखी परीक्षा, मग मुलाखत. मुलाखतीला आपली चित्रं घेऊन जायची."

गुंडूंनी माझ्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जा मग. ह्या धुरात तू बसायचं न्हाईस, एवढंच माझं म्हननं हाय." आणि ते हसले. हसता हसता खोकला आला आणि तो लवकर थांबेना. क्रांतीनं पाणी आणून दिलं. अनुजा पेन्सिलला टोक करत होती.

तो खोकला मी ओळखला. पण मला तोंड नाही. मी नुसती उजेड देते.

क्लासच्या मोहित सरांनी तिला एक काम दिलं होतं. एकच माणूस, एकच काम, एकाच जागेवरून बघून काढायचं. आत्ता काढायचं आणि दिवाळीनंतर पुन्हा काढायचं. हात किती सुधारला ते त्यावरून कळेल. अनुजानं माणूस म्हणून बापच घेतला. कागद हलू नयेत म्हणून तिनं माझ्या कडेला दोन खुंट्या चिकटवल्या आणि कागदांना भोकं पाडून ते त्यांत बसवायला लागली. खिडकीच्या चौकटीवर हनुवटी कुठं टेकायची तिथं खडूची खूण केली. गुंडूंना म्हणाली, "पप्पा, तुमी तुमचं काम करा. माझ्याकडं बघू नका."

"मी कशाला बघतोय? कड्या जळतील की माझ्या."

पहिलं चित्र सुरेख उतरलं. रुंद खांदे, भरलेली मान, पाटावर ऐसपैस बसलेला माणूस. बाजूला ॲसिडचं भांडं, मागं दाराची चौकट. सर खूश झाले म्हणे.

मग महिने गेले. अनुजा क्लासला जायची, बारावीचा अभ्यास करायची, माझ्यावर हातांची, पायांची, कुत्र्यामांजरांची चित्रं काढायची. खिडकीतून मला बाकीचंही दिसत होतं. गुंडू मधूनमधून पाटावरून उठून वारा घ्यायला दारात उभे राहायला लागले. पाण्याची घागर आणताना ते मध्येच टेकायला लागले. भाकरी अर्धी ताटात राहायची. क्रांती म्हणायची, "तिखाट झालंय काय?" ते म्हणायचे, "न्हाई गं, पोट भरलं." घरात कुणाला वेगळं काही वाटलं नाही. रोज तोच माणूस त्याच जागी बसलेला असला की त्याच्याकडे निराळं असं कोण बघतं?

दिवाळी होऊन गेल्यावर अनुजानं दुसरं चित्र काढलं. आधीचं चित्र न बघता, खडूच्या खुणेवर हनुवटी टेकून. एक अख्खी दुपार तिची त्यात गेली. चित्र झाल्यावर तिनं पहिला कागद खुंट्यांवर बसवला, त्याच्यावर दुसरा ठेवला आणि माझं बटण दाबलं.

दाराच्या चौकटीवर चौकट बसली. भांड्यावर भांडं बसलं. पाटाचे पायसुद्धा रेघेवर रेघ आले. फक्त माणसावर माणूस बसेना. बाहेरच्या माणसाच्या आत एक दुसरा, सुकलेला माणूस बसला होता. खांदे आत आले होते, मान बारीक झाली होती, सगळं अंग पुढं कलंडलं होतं.

"च्यायला, चुकलंच की," अनुजा पुटपुटली. तिनं खोडलं. पुन्हा खिडकीशी गेली, पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी धरून माप घेतलं, पुन्हा काढलं. पुन्हा माझ्यावर ठेवलं. तसंच आलं. तिसऱ्यांदाही तसंच. तिला रडू यायला लागलं. परीक्षा तोंडावर आलेली आणि साधं माप जमत नाही, असं तिला वाटत होतं.

क्रांती घुंगरांची परात घेऊन मागून आली. ती थांबली. वाकून काचेकडे बघितलं, मग खिडकीतून पलीकडे बघितलं, मग पुन्हा काचेकडे.

"खोडू नकोस," ती म्हणाली. "बरोबर काढलंयस."

अनुजानं खोडरबर खाली ठेवलं. पलीकडे ज्योतीचा सूं सूं आवाज येत होता.

त्या संध्याकाळी घरात मोठा वाद झाला. अनुजा म्हणाली, उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं. गुंडू म्हणाले, तुझी परीक्षा होऊ दे, मग बघू. "वय झालं की माणूस सुकतोच. त्यात काय बघायचंय?" त्यांनी आवाज चढवला, पण तो मध्येच फाटला आणि त्यांना भिंत धरावी लागली. तेव्हा अनुजानं त्यांचा हात धरून त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं आणि बटण दाबलं.

गुंडू काचेवर वाकले. बोटानं त्यांनी आतल्या माणसाचा खांदा चाचपला.

"ह्यो मीच काय गं?"

"व्हय."

"आन् भायेरचा?"

"त्योबी तुमीच. आषाढातले."

सकाळी ते निघाले. राजारामपुरीत चिमणाबाई वाट बघत होत्याच. डॉक्टरांनी तपासल्यावर त्या भावाबरोबर हुपरीला आल्या आणि त्यांनीच सगळं सांगितलं. धुरानं आतून फुफ्फुसं आवळून गेली आहेत. जे गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळायचं. पुन्हा ज्योतीसमोर बसायचं नाही. आणि त्या खोलीत जो कुणी काम करेल त्यानं दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या.

"मी न्हाई जायची पुण्याला," अनुजा म्हणाली. "ऑर्डरी हायत. मी बसतो पाटावर. मला येतंय सगळं."

गुंडू उठले. पुढच्या खोलीत गेले, पाट उचलून अंगणात आणला आणि त्यावर मांडी घालून बसले. "ह्या पाटावर तू बसलीस तर मी एकबी गोळी घ्यायचा न्हाई. आक्का, तू साक्षीला हायस."

चिमणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अनुजानं दारातून बापाकडे बघितलं. मग आत आली आणि माझ्यावर कोरा कागद ठेवला.

तिनं परीक्षा दिली. पुढं मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा ते दोन कागद ती सोबत घेऊन गेली. तिथल्या एका बाईंनी दोन्ही एकावर एक धरून विचारलं, "यातला चुकलेला कोणता?" ती म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत, मॅडम." हे तिनं घरी आल्यावर आईला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. यादीत तिचं नाव लागलं. कॉलेज सुरू व्हायच्या आधी तिनं माझी काच ओल्या फडक्यानं पुसली, खुंट्या तशाच ठेवल्या आणि ती पुण्याला गेली. तिथं आता कॉम्प्युटरच्या पडद्यावरच कागदाखालचा कागद दिसतो म्हणे. माझी तिला गरज उरलेली नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ते सांगायलाच तर मी ही गोष्ट काढली.

घर चालायला हवं होतं. अनुजा गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत क्रांतीनं अंगणातला पाट उचलून आत नेला आणि ज्योत पेटवली. कड्या जोडायला ती बघून बघूनच शिकली होती. गुंडू आता दिवसभर बाहेर पायरीवर बसलेले असतात. चार पावलं चालले की त्यांना दम लागतो. अनुजाचा फोन आला की आतल्या ज्योतीचा आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते शेजारच्या कट्ट्यावर जाऊन बोलतात. ते बोलणं रात्री क्रांतीला सांगतात, तेव्हा मला कळतं.

"आई काय करतीया?"

"देवळात गेलीया. तू जेवलीस न्हवं? आज काय शिकवलं?"

मग ती सांगत राहते. उडी मारणाऱ्या माणसाचं वजन जमिनीवर कसं पडतं, ते आज कॉम्प्युटरवर केलं, म्हणते. ते "व्हय, व्हय" करतात. आणि इकडे क्रांती पाटावर वाकलेली असते.

सुरुवातीला ती दार उघडं ठेवायची. पण वारा आला की ज्योत वाकते, कडी जळते, सगळं पुन्हा करावं लागतं. शिवाय गल्लीतून कुणी बघितलं तर पोरीच्या कानावर जाईल. म्हणून आता ती दाराला आतून अडसर घालते. मधली खिडकीही लावून घेते. फळीच्या फटीतून पिवळा धूर माझ्या काचेवर येऊन बसतो. मला कुणी पुसत नाही.

रोज दुपारी गुंडू दारापाशी येतात. फळीला हात लावून म्हणतात, "क्रांते, दार उघड गं. थोडा वेळ तरी उघड." आत ज्योत सूं सूं करत असते. त्यांचा आवाज एवढा बारीक झालाय की तो ज्योतीपाशी बसलेल्या क्रांतीपर्यंत पोचत नाही. ते थोडा वेळ उभे राहतात आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसतात.

तुम्ही पैंजण घ्यायला, कुणाच्या लग्नाला, कशाला का होईना, हुपरीला आलात आणि एखाद्या गल्लीत पायरीवर बसलेला वाळका माणूस आणि त्याच्या मागं बंद दार दिसलं, तर तसेच पुढं जाऊ नका. ते दार ठोठावा. जोरानं ठोठावा, आत ऐकू जाईल असं.