मंगलीची जागा

गाढी नदीच्या काठाकाठाने नवीन पनवेलपासून नेऱ्यापर्यंत पायी आणि सायकलवर जाता येईल अशी वाट करायची, हे खूळ मुळात सत्यजीत कर्णिकचं. दर रविवारी नेऱ्याकडून सायकल दामटून आला की अंघोळीच्या आधीच तो कुमुदला सांगायला लागायचा. नदीकाठची जागा सरकारी आहे, झाडी आहे, उतार बेताचा आहे, फक्त कुणीतरी मनावर घ्यायला हवं. "तुम्हीच घ्या मग," असं म्हणून कुमुद चहाचं आधण ठेवायची. तिने जन्मात सायकल चालवली नव्हती.

मग एका रविवारी नेऱ्याच्या रस्त्यावर, वळणावर, खडीच्या डंपरने त्याला मागून उडवलं.

दिवसकार्याला त्याच्या सायकल-ग्रुपची मुलं आली होती. बारीक कापलेल्या केसांची, दणकट पोटऱ्यांची ती मुलं मान खाली घालून बसली होती. कुमुद त्यांना म्हणाली, "त्यांची ती वाट आपण करू या." ग्रुपचा म्होरक्या रूपेश, आयटीतला, पस्तिशीचा. त्याने चटकन वर पाहिलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही पुढे असाल तर होईल."

कुमुद विमा कंपनीतून नुकतीच निवृत्त झाली होती. घरात बसलं की त्या वळणाचा विचार यायचा. ती त्या रस्त्याने परत कधीच गेली नाही, आणि वाटेच्या कामामुळे तसं जायची वेळच आली नाही. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बैठका झाल्या. एका कारखान्याने खर्च उचलला, वाटेला सत्यजीतचं नाव द्यायचं ठरलं. परवानगीसाठी ती कार्यालयांच्या पायऱ्या चढली, साहेब जेवायला गेलेत हे ऐकून बाकावर बसून राहिली. रात्री झोप लागायची, एवढंच तिला पुरेसं होतं.

आखणीच्या वेळी रूपेशबरोबर ती सगळा काठ चालली. नेऱ्याच्या अलीकडे, कातकरवाडीच्या खाली, वाट दोन तऱ्हेने नेता येत होती. एक अगदी पाण्याच्या कडेने, उन्हातून. दुसरी जरा वरच्या मोकळ्या जागेतून, जिथे करंजाची दाट सावली होती आणि एक काटेरी पांगारा होता. गवतात ठिकठिकाणी गोटे मांडल्यासारखे पडले होते. कुमुद दमली होती. त्यातल्याच एका ढिगावर बसून ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "वरून नेऊ या रे. म्हाताऱ्या माणसांना इथे सावलीत टेकता येईल." रूपेशने नकाशावर तशी रेघ मारली.

पावसाळा संपल्यावर काम सुरू झालं. ठेकेदार बळीराम जवळच्याच गावचा. मजूर त्याने वाडीवरचेच घेतले. त्यांच्यात शुक्रा होता, शिडशिडीत, कमी बोलणारा. नदीच्या अंगाला दगडांची बांधणी करायचं काम त्याच्याकडे होतं. कुमुद रोज सकाळी कामावर जायची. शुक्रा दगड उचलून फिरवून बघायचा, जागेवर बसवायचा, हाताने हलवून बघायचा. ती म्हणायची, "छान बसला." तो नुसता हसायचा.

एका सकाळी ती पोचली तेव्हा काम थांबलेलं होतं. करंजाजवळची जागा आदल्या दिवशी जेसीबीने साफ करून, मुरूम टाकून, रोलर फिरवून गुळगुळीत केली होती. पांगारा दिसत नव्हता. त्या तांबड्या पट्ट्याच्या मधोमध एक बाई बसली होती. दोन्ही तळवे तिने मुरमावर टेकले होते. शुक्रा बाजूला उभा होता, हातात पहार तशीच.

"काय झालं शुक्रा? ही कोण?"

"बायको हाय माजी. धोंडी."

"बरं नाही का तिला?"

बाईच वर न बघता बोलली, "माजी पोर हाय हितं."

कुमुदला आधी कळलंच नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, एखादं मूल खेळत असेल म्हणून.

"भादव्यात ताप आला," शुक्रा म्हणाला. "चार वर्साची होती. मंगली. आमची समदी मानसं हितंच ठेवतो आमी. माजा बा पन हाय. पांगाऱ्याच्या मुळाशी तिला ठेवली होती, वर गोटं रचलं होतं."

आखणीच्या दिवशी कुमुद तशाच एका ढिगावर बसून पाणी प्यायली होती. ते गोटे. ती खाली बसली, तर आपण कशावर बसतोय या धसक्याने पुन्हा उभी राहिली.

"अरे, मग सांगितलं का नाहीस? इतके दिवस इथेच काम करतोयस ना?"

"वाट खालनं, पान्याकडनं जानार असंच आमाला वाटलं, बाई. आमी खालीच दगड लावत होतो. काल मशीन वर गेली तवा मी त्या टोकाला होतो. वाडीतली मानसं पन कामाला बाहेर."

तिने बळीरामला बोलावलं. तो गडबडला. "मॅडम, वरचा फूटभर थर काढला फक्त. खाली काय धक्का नाय लागला. पण झाड गेलं, आता नेमकी जागा कशी सांगणार? आणि गोटे म्हणाल तर..." तो अडखळला. "गोटे खाली बांधकामाला टाकले. दगड कमी पडत होता."

शुक्राने हे ऐकलं. तो खाली उतरला आणि स्वतः बांधलेल्या भिंतीसमोर उभा राहिला. काल संध्याकाळी टेम्पोने ओतलेला दगड त्यानेच बसवला होता. धोंडी त्याच्या मागोमाग गेली. ती वाकून एकेक दगड बघत चालली आणि एका ठिकाणी थांबली. पांढरी शीर असलेला काळा, गोल गोटा होता तो.

"ह्यो मी आनला होता," ती म्हणाली. "नदीतनं. वल्या लुगड्यात बांधून."

शुक्राने पहार घातली. गोटा निघेना, इतका नीट त्याने तो बसवला होता. पुन्हा पुन्हा पहार मारताना त्याच्या तोंडून एक आवाज यायला लागला, रडण्याचा की जोर लावण्याचा ते कुमुदला समजेना. शेवटी गोटा सुटला. धोंडीने तो पोटाशी धरला आणि वर आली. वर तर सगळीकडे सारखाच मुरूम. ती इथे उभी राहिली, तिथे उभी राहिली. नवऱ्याकडे बघितलं. त्यालाही सांगता येईना. मग तिने तो गोटा कुमुदच्या पायांजवळ ठेवला आणि ती वाडीकडे चालायला लागली.

त्याच रविवारी क्लबहाऊसमध्ये बैठक झाली. वाट खालून न्यायची, वरची जागा त्या लोकांना परत द्यायची, असं कुमुदने सांगितलं. सगळे वाईट वाटल्यासारखा चेहरा करून ऐकत होते. मग एकेक जण बोलायला लागला. तिथे दफनभूमीची कुठेच नोंद नाही. परवानगी या आखणीची आहे, बदललं की सगळं पहिल्यापासून. उद्घाटनाला कारखान्याचे पाहुणे ठरलेले. कुणीतरी सुचवलं, तिथे एक छानसा बाक आणि पाटी लावू.

"त्यांच्या माणसांवर बाक?" कुमुद म्हणाली.

रूपेश खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, अहो सरांच्या नावाने होतंय हे सगळं."

"म्हणूनच सांगतेय ना. नाव काढा त्यांचं, पण वाट वळवा."

नाव निघालं नाही, वाटही वळली नाही. एवढंच झालं की रूपेशने कुणाला न विचारता बळीरामकडून त्या जागेपुरती वाट अरुंद करून घेतली. झाडांकडच्या अर्ध्या पट्ट्यातला मुरूम उचलून तिथे माती पसरली. "माझ्याने एवढंच झालं, काकू," तो फोनवर म्हणाला. कुमुदने त्याला दोष दिला नाही. सावलीचा हट्ट तिचा होता.

उद्घाटनाला ती गेली नाही. ताप आलाय असं कळवलं. दुसऱ्या दिवशी एकटीच गेली. कोवळ्या उन्हात बायका झपझप चालत होत्या, कुणी आजोबा नातीला छोट्या सायकलवर धरून नेत होते. सत्यजीतने सांगितलं होतं अगदी तसंच सगळं दिसत होतं, आणि तिला त्यातलं काहीच बघवत नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर वाडीतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघाली. धोंडी डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन वाटेपाशी आली. कुमुद त्या सकाळी तिथेच होती. त्या दिवसानंतर दोघी प्रथमच समोरासमोर आल्या होत्या.

"आमी चाललो, बाय. पावसाच्या तोंडाला येऊ. तवर ह्या जागेकडं बगशील?"

"बघेन," कुमुद म्हणाली.

आणि तिने बघितलं. रोज सकाळी ती तिथे जाऊन उभी राहायची. तो गोटा तिने मातीच्या पट्ट्यात अंदाजाने ठेवला होता. सायकलवाल्यांना हात करून सांगायची, "एवढ्यापुरते उतरा. खाली माणसं आहेत." काही जण उतरायचे. काही जण कानात इअरफोनचे बोळे घालून सरळ पुढे जायचे. एक जण ओरडला, "आजी, ट्रॅकच्या मध्ये काय उभ्या राहताय?" सोसायटीत तिच्याबद्दल हळू आवाजात बोललं जाऊ लागलं. नवरा गेल्यापासून जरा असं झालंय, वगैरे. कुणाच्या बोलण्याने ती थांबली नाही. मातीवर गवत आलं. ते वाळलं, की घरून बाटलीतून पाणी नेऊन ती घालायची.

वैशाख सरता सरता भट्ट्या बंद झाल्या. एका सकाळी धोंडी समोरून येताना दिसली. आणखी वाळली होती, विटांच्या धुळीने केस तांबूस झाले होते. कुमुद लगबगीने पुढे झाली. "ये, बघ. गवत राखलंय मी. इथून कुणाला जाऊ दिलं नाही."

धोंडी गवताच्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग खाली बसून तिने पूर्वीसारखेच दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले. बराच वेळ तशीच बसली.

"हितं नाय ती, बाय," ती म्हणाली.

"असेल गं. अंदाजाने तरी..."

"नाय. आदी हितं आली, हात ठेवला, का मला कळायचं. आता कायच कळत नाय. नुसती माती हाय." ती रडत नव्हती. "तू उगाच उबी रायलीस."

धोंडीने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुजा मालक कुटं हाय?"

"त्यांची राख आपट्याला सोडली. पाताळगंगेत."

"आनि पडला कुटं?"

कुमुदने हात करून दाखवलं. झाडांच्या पलीकडून डंपरचे आवाज येत होते. "त्या तिथे, वळणावर. मी नाही गेले कधी."

"येकदा बी नाय?"

"नाही."

आणि इतक्या महिन्यांत, दिवसकार्यात नाही, बैठकांत नाही, वाटेच्या पाटीवरचं त्याचं नाव वाचताना नाही, ते रडू तिला तिथे आलं. धोंडीने तिचं मनगट धरलं. ओझी उचलून घट्टे पडलेला तो हात मुरमासारखा खरखरीत होता. दोघी गवतात बसून राहिल्या. मग धोंडी उठली. घर शाकारायचं होतं, पाऊस जवळ आला होता.

"उद्या येशील?" कुमुदने विचारलं.

"काय म्हायत," धोंडी म्हणाली आणि वाडीची पायवाट चढायला लागली.

कुमुद डोळे पुसत उभी राहिली. मागून सायकलची घंटा वाजली. तिने हात केला नाही. ती बाजूला झाली, सायकल पुढे गेली, आणि ती हळूहळू मोठ्या रस्त्याकडे, त्या वळणाच्या दिशेने चालू लागली.