शिगेचा वाडगा

मित्रांनो, मी भाताचा एक जुना वाडगा आहे. माझा अजून टवकाही उडालेला नाही. लोक याला भाग्य म्हणतात. म्हणोत बापडे!

जपानातल्या अरिता गावी, चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्टीत माझा जन्म झाला. गेन्झो नावाच्या चिताऱ्याने माझ्या पांढऱ्या अंगावर निळ्या रंगात चिनी कविता उतरवली आणि मला आपल्या बायकोसाठी घरी नेलं. त्या घरात ज्याचा त्याचा वाडगा वेगळा. शिगे मला पाहून हसली. "अहो, एवढ्या विद्वान वाडग्यात आमचा जवाचा भात शोभेल का?"

तिसऱ्या हिवाळ्यात ती तापाने गेली. शवपेटी उचलली, तशी शेजारची तोकू आजी म्हणाली, "गेन्झो, तिचा वाडगा आपट उंबऱ्यावर. शाबूत राहिला तर जेवायला परत येईल बिचारी. मग तिची सुटका नाही."

"आपटतो, आजी," म्हणत त्याने दुसराच वाडगा फोडला. मला अस्तनीत लपवलं. वाचलो म्हणून मला केवढा आनंद झाला! माझी अक्कल तेवढीच.

सातव्या दिवशी दुपारी त्याने माझ्यात गरम भात वाढला. "ये गं," म्हणाला. भाताची वाफ एकदम थांबली. माझ्या काठावर ओला, गार अंगठा टेकला. गेन्झो आनंदाने रडला.

मग ती रोज येऊ लागली. भात गार व्हायचा, पण एक शीतही कमी होत नसे. तिची भूक मला काठावर जाणवायची. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, पोट भरत नाही हो माझं. जाऊ द्या ना मला."

गेन्झो पांढराफटक पडला. त्याने मला उंबऱ्यावर उगारलं, पण हात काही सुटेना. "उद्या फोडतो," म्हणून त्याने मला पेटीत ठेवलं. ते उद्या तीस वर्षं उजाडलं नाही.

मरताना तो मुलीला म्हणाला, "फुसा, तो वाडगा फोड गं. तुझी आई अडकलीय." फुसाने बापाचा वाडगा रीतसर फोडला. तो सुटला. मग तिने मला हातात घेतलं. "अगं बाई, इतका सुंदर! जीवच होत नाही." तिने मला रेशमात गुंडाळलं.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या कपाटात असतो. कपाटाला कुलूप असतं. तरी रोज सकाळी राखणदार माझ्या काठावरचा ओला ठसा पुसतो आणि "कोण हात लावतं रे?" म्हणून पोरांवर खेकसतो. नवरा केव्हाच पुढे गेला. ती इथेच, उपाशी.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात, हे खरंच आहे. जपा. पण पुसायला ते कपाट उघडलेलं असेल, तेव्हा तुमच्यातल्या एखाद्या धांदरटाचा धक्का मला लागू द्या. शिगेला जायचंय हो.