पेन्सिलचं ते खोडायचं

बाइंडरच्या दुकानात वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता: शाईचं ते ठेवायचं, पेन्सिलचं ते खोडायचं. जुनं पुस्तक बांधायला आलं की आधी पुठ्ठे काढायचे, दोरे कापायचे, पानं सुटी करायची, एकेका पानावरून खोडरबर फिरवायचं आणि मगच नवी शिलाई. दुसरा नियम असा, की बाइंडरनं पुस्तक वाचायचं नाही. वाचत बसला तर बांधणार कधी? चाळीस वर्षं हे दोन्ही नियम त्यानं इतक्या इमानानं पाळले की हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण त्यातल्या एकाचीही गोष्ट त्याला सांगता आली नसती.

गल्लीतले लोक त्याला 'पुनर्जन्मवाले' म्हणायचे. चिंध्या झालेलं पुस्तक द्यावं आणि पंधरा दिवसांनी कोरं करकरीत परत न्यावं. हे नाव त्याला मनातून आवडायचं. वरवर तो "कसला पुनर्जन्म, चार टाके आणि थोडी खळ" असं म्हणायचा, पण ते म्हणताना त्याची मान जरा ताठ व्हायची.

आई गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याची थोरली बहीण चार तास बसनं प्रवास करून आली. तिनं पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्यानं ते लगेच ओळखलं. मरून परत आलेल्यांच्या गोष्टींचं ते पुस्तक आई लहानपणी दोघांना वाचून दाखवायची. स्वतःच्या राखेतून उठणारा पक्षी, तुकडे तुकडे झालेला आणि बायकोनं गोळा करून जागा केलेला राजा, अर्धं वर्ष जमिनीखाली आणि अर्धं वर्ष वर राहणारी मुलगी. पुठ्ठा निसटला होता आणि पानं बाहेर डोकावत होती.

"बांधून दे," ताई म्हणाली. "तुझ्याच हातानं. बाहेर देऊ नकोस."

"बाहेर कशाला देईन? तू बघच, असं करतो की ओळखणार नाहीस."

ताई काहीतरी बोलणार होती. पण तिनं फक्त मान हलवली आणि ती परतीची बस पकडायला निघून गेली.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याला स्वतःला ती सांगायची नसते. वर्षापूर्वी आईला झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली, तेव्हा तो इस्पितळात दोन दिवस जाऊन आला. आई तेव्हा धड शुद्धीवरही नव्हती. मग एका ग्रंथालयाची पुरात भिजलेली आठशे पुस्तकं दुकानात आली आणि त्यानं कामात डोकं खुपसलं. आई ताईकडे होती. दर रविवारी तिथं फोन मात्र चुकवला नाही. औषध दिलं का, डॉक्टर बदला, खिडकी उघडी ठेवा, असं उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. आईची जीभ जड झाली होती, तरी शेवटी ती एकच प्रश्न विचारायची, "कधी येतोस?" तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." त्यावर ती अडखळत म्हणायची, "आठवड्यात की जन्मात?" आणि हसायची. तोही हसायचा. आठशे पुस्तकं झाली त्याच आठवड्यात आई गेली.

म्हणून हे पुस्तक तो जीव ओतून बांधणार होता. हजार लोकांच्या पुस्तकांना जन्म दिला, आईच्या पुस्तकाला नको? त्यानं सगळी कामं बाजूला सारली. पानं सुटी केली तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलनं काहीतरी गिरगटलंय. मोठाली, वाकडीतिकडी, एकमेकांवर पडणारी अक्षरं, पाच वर्षांच्या पोरानं काढावीत तशी. ताईची नात नुकतीच शाळेत जायला लागली होती. कार्टीनं पणजीच्या पुस्तकावरच हात बसवला म्हणायचा, असं मनाशी म्हणत तो हसला. पोरीनं जोर लावून लिहिलं होतं, त्यामुळे मेहनत जास्त पडली. पण त्यानं कंटाळा केला नाही. दोन दिवस एकेक पान उजेडात धरून, नियमाप्रमाणे एक अक्षरही न वाचता, हलक्या हातानं, कागदाचा पापुद्रा निघू न देता त्यानं सगळं खोडलं. खोडरबराचा चुरा ब्रशनं झाडला. मग पानं चार दिवस शिकंज्यात दाबून ठेवली. जोरानं उमटलेले वळही बसले आणि पानं इस्त्री केल्यासारखी झाली. गडद निळं कापड चढवलं. आयुष्यात इतकं सुबक काम त्याच्या हातून झालं नव्हतं.

ताई पुस्तक न्यायला आली. त्यानं ते दोन्ही हातांनी तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मग भराभर उलटत गेली.

"लिहिलेलं कुठंय?"

"खोडलं की. तुझ्या नातीनं फार गिरगटून ठेवलं होतं."

ताई खुर्चीवर बसली.

"नातीनं नाही रे," ती म्हणाली. "आईनं."

त्याला आधी कळलंच नाही. आईचं अक्षर त्याला ठाऊक होतं. वळणदार, उजवीकडे किंचित झुकलेलं.

"उजवा हात गेला होता तिचा. डाव्या हातानं लिहायला शिकली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. मी तुला फोनवर म्हटलं होतं, तिचा डावा हात आता चालतो."

"हो," तो म्हणाला. आणि आपण त्यावर 'बरं झालं' म्हणून ग्रंथालयाच्या माणसाशी बोलायला वळलो होतो, हेही त्याला आठवलं.

"दिवसाला एक ओळ. फार तर दोन. तिला म्हटलं, वहीत लिही. तर म्हणाली, वही तो ठेवून देईल, उघडणार नाही. पुस्तक बांधायला दे, म्हणजे एकेक पान त्याच्या हातातून जाईल."

"पेन्सिलनं का लिहिलं मग? बाबांचा नियम तिला माहीत होता."

"पेन बोटांत ठरत नव्हतं. मीही तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, माझं अक्षर दिसल्यावर तो नाही खोडणार."

वर्षभरात एकदा जरी तिच्यासमोर जाऊन बसला असता, तर ते अक्षर त्यानं ओळखलं असतं.

तो पुस्तक घेऊन खिडकीशी गेला, पान तिरपं धरलं, आडवं धरलं. कागद साफ, गुळगुळीत. बाइंडरनं आपलं काम चोख केलं होतं.

"तू तरी वाचलं असशील, ताई."

"तुझं होतं ते. मी कशाला वाचू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुला आधीच सांगायला हवं होतं मी. तेवढं माझंही चुकलं. पण तिनं बजावलं होतं, त्याला आपणहून दिसू दे."

"एकही ओळ ठाऊक नाही?"

"पहिली ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या कडेला महिनाभर गिरवत होती. 'आलास का?'"

तो दारातून आत पाऊल टाकायचा तेव्हा आई स्वयंपाकघरातून हेच विचारायची. त्यानं डोळे मिटले आणि तो लहान मुलासारखा रडला. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

जाताना ती पुस्तक न्यायला तयार होईना. "तुझ्याकडेच असू दे. आता नवंच झालंय ते," असं म्हणून ती गेली.

त्या दुपारी बाइंडरनं आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या टेबलावर बसून पुस्तक वाचलं. राजाची गोष्ट त्याला अर्धवटच आठवत होती. बायको सगळे तुकडे गोळा करते, पण एक तुकडा सापडतच नाही. राजा जागा होतो, पण त्याला घरी परतता येत नाही. आई इथं थांबायची आणि दोघांची तोंडं बघायची, एवढं त्याला आता आठवलं. या पानावर तिनं काय लिहिलं असेल, याचा विचार करत तो समासाकडे पाहत राहिला.

मग तो पहिल्या पानावर परत आला. पेन्सिलला टोक काढलं आणि ती डाव्या हातात धरली. पेन्सिल घसरत होती. काना एकीकडे जायचा, मात्रा दुसरीकडे. दोन अक्षरं लिहायला त्याला इतका वेळ लागला की कपाळावर घाम आला. 'आलो.'

लिहून झाल्यावर त्यानं पुस्तक जरा लांब धरून पाहिलं. मोठं, वाकडंतिकडं, पाच वर्षांच्या पोरानं गिरगटावं तसं. उद्या दुसऱ्या कुणा बाइंडरच्या हाती हे पुस्तक पडलं, तर तो ते आधी खोडून टाकील.