रिकाम्या पोटी

माझा आवाज गेल्याचा पत्ता मला सगळ्यांत शेवटी लागला. बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून मी वर्षानुवर्षं गाड्या पुकारते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येतेय, कोणाची छत्री बाकावर राहिली. माझ्या आवाजाने डुलकी लागलेला ड्रायव्हरसुद्धा ताठ बसायचा. तोच आवाज हळूहळू घोगरा झाला, जाड झाला आणि मंद झाला. मी ‘गाडी सुटत आहे’ म्हणेपर्यंत गाडी वळणावर दिसेनाशी व्हायची, आणि मागे धावून दमलेले प्रवासी माझ्या काचेकडे बघून जे बोलायचे ते माइकवर सांगण्यासारखं नाही.

आमचे साहेब भला माणूस. वाईट बातमीसुद्धा खुर्ची देऊन सांगतात. “बाई, वरून यंत्र येतंय. रेकॉर्ड केलेला आवाज. तुमचा आवाज सुधारला तर यंत्र परत पाठवायचं माझ्याकडे लागलं. नाहीतर तुम्हाला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसावं लागेल.”

म्हणजे छत्र्या, डबे, एकेकटे मोजे आणि मी.

डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉइड मंदावलाय. म्हणून आवाज जाड, अंग जड. “आणि पोट साफ होतं का?” त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर सासूबाईंनी आमच्या सगळ्या जिन्याला आधीच देऊन ठेवलं होतं, तेव्हा लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. “होईल ठीक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ही गोळी. उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी.”

बातमी कळताच आई पिशवी घेऊन माझी काळजी घ्यायला आली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरात राहिल्या.

सासूबाईंनी सगळी हयात नळाच्या सामानाच्या दुकानात काढली. माणूस म्हणजे त्यांच्या लेखी पाइपच. “खाली तुंबलं की वर गडबड होणारच,” त्या म्हणाल्या. “गळ्याला काय झालंय? आधी पोट मोकळं करा.” आईने आयुष्यभर बालवाडीतली पोरं सांभाळली. “रोग गळ्यात आहे, विहीणबाई,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी गोळी दिलीय ती काय शोभेला?” नवऱ्याने दोघींचं ऐकून घेतलं, दोघींना ‘बरोबर आहे’ म्हटलं आणि कामावर पळाला.

मी उठले की सासूबाई भला मोठा पेला पुढे करायच्या. पाण्यात फुगलेलं ईसबगोल, खळीसारखं घट्ट. “घे. गोळी कशी मऊ गादीवर पडायला हवी.” ते घशाखाली जातंय तोवर आई गोळी घेऊन हजर, आणि सोबत कोमट दूध. “नुसत्या पाण्याने अडकेल गं पोरी.” मी दोन्ही निमूट गिळायची. नाही म्हणायला आवाज लागतो, आणि माझा घोगरा नकार एकीलाही ऐकू जात नव्हता.

गुण शून्य. पुढच्या तपासणीत आकडा उलट बिघडला. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. पोट आणखी बसलं, म्हणून सासूबाईंनी ईसबगोल वाढवलं. आईने दुधाचा पेला बदलून तांब्या आणला. मी इतकी मंदावले की एक दिवस फलाट तीनची गाडी पुकारताना मधेच कोणती गाडी ते विसरले. साहेबांनी काचेवर टकटक केली. “यंत्रवाले पुढच्या महिन्यात येतायत, बाई.” त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. रडण्याचा आवाजसुद्धा दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

तिसऱ्या वेळी दोघी विहिणी माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करत म्हणाल्या, “एवढी गोळी घोड्याला लागू पडेल. रिकाम्या पोटीच घेता ना?”

“हो!” दोघी एका सुरात म्हणाल्या. पहिल्यांदाच.

“आधी काहीच घेत नाही?”

“काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त ईसबगोल.”

“आणि नंतर दूध,” आई म्हणाली. “पण ते काय, पाण्यासारखंच.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग दोघींना शाळेतल्या मुलींसारखं समोर बसवून समजावलं. ती गोळी आतड्यातून रक्तात जायची असते. ईसबगोल तिला वाटेतच धरून ठेवतं, उरलीसुरली दूध अडवतं. गोळी अंगी लागत नाही, म्हणून थायरॉइड मंद. थायरॉइड मंद म्हणून आतडी मंद. आतडी मंद म्हणून आणखी ईसबगोल. “रोग गळ्यातला, खोळंबा पोटातला. तुम्ही दोघीही बरोबर आहात,” त्या म्हणाल्या, “फक्त एकाच वेळी बरोबर होऊ नका.”

गोळी पुन्हा मूळची झाली. साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर तोंडात काही नाही. ईसबगोल रात्री झोपताना. दुसऱ्या दिवसापासून मी गोळी घेतली की तो तासभर दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसायच्या, पहाऱ्याला. दुसरी गुपचूप काही पाजेल म्हणून. आधी नुसत्या घड्याळाकडे बघत. मग नवऱ्यांच्या कागाळ्या. मग आतून असं खिदळणं ऐकू यायला लागलं की मला वाटायचं, इथे आजारी कोण आहे?

आठवडे गेले. पोट हललं. मग, देवाशपथ, आवाज हलला.

यंत्रवाले यायच्या दिवशीच आई परत निघाली. साहेब माझ्या खोलीत खुर्ची टाकून ऐकत बसले होते. काचेतून दिसत होतं, फलाट चारवर गाडी घरघरतेय आणि पायरीशी दोघी हातवारे करत भांडतायत, कोणाच्या उपायाने गुण आला म्हणून. आईची निळी पिशवी सासूबाईंच्या हातात.

मी पुकारलं. खणखणीत. दोघी ढिम्म. पुन्हा पुकारलं. बाकीचे सगळे चढले. मग माझं डोकंच फिरलं.

“निळ्या पिशवीवाल्या दोन बायकांनी लक्ष द्यावं. तुम्ही दोघींनी मिळून माझा आवाज घालवलात. दोघींनी मिळूनच परत आणलात. मला दोघीही हव्या आहात. पण अगं आई, गाडी सुटतेय!”

आवाज कुठेही घोगरा झाला नाही.

सगळं स्थानक वळून बघायला लागलं. गाडी गेली. सासूबाई काचेखाली येऊन ओरडल्या, त्यांना माइक लागत नाही, “पहिल्यांदा पुकारलंस तेव्हाच ऐकू आलं होतं, सूनबाई!”

“मग पिशवी का नाही दिलीत?” मागून आई कडाडली.

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “गोळीनंतरचा तो तास,” त्या म्हणाल्या, “मी एकटीने कसा काढायचा, विहीणबाई?”

आईने पिशवीचा एक बंद धरला, दुसरा सासूबाईंच्या हातातच राहिला, आणि दोघी बाकावर जाऊन बसल्या.

साहेब उठले. “यंत्राला हे जमलं नसतं,” म्हणाले. “यंत्रवाल्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. पण बाई, असं पुन्हा पुकारू नका.”

आईची पुढची गाडी तासाभराने होती. साहेब जेवायला गेलेत हे बघून ती मी आजारपणातल्या आवाजात पुकारली.